पदक पुसण्याआधी कडेवरचं नाव वाचा

जुन्या वर्दीची पेटी: वाचकांचे प्रश्न, कोल्हापूरच्या निवृत्त फौजदाराची उत्तरं

गेल्या अंकात लंडनच्या पोलिसांच्या शिट्टीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. ही शिट्टी बर्मिंगहॅमच्या जे. हडसन कंपनीने 1880च्या दशकात लंडन पोलिसांना पुरवायला सुरुवात केली. तिच्या नळीवर कंपनीचा पत्ता कोरलेला असतो आणि कारखाना जागा बदलत गेल्यामुळे त्या पत्त्यावरून शिट्टीचं वय काढता येतं, एवढंच सांगितलं होतं. त्यावर जी पत्रं आली त्यात शिट्ट्या थोड्या आणि पदकं फार निघाली. आपल्या जिल्ह्यात हे व्हायचंच. शिरोळ तालुक्यात एका गावाच्या नावातच सैनिक आहे, आणि गडहिंग्लज-चंदगडकडे पलटणीतला माणूस नाही असं घर शोधावं लागतं. सगळ्या पत्रांना इथे जागा नाही. ज्यांच्या उत्तराने दुसऱ्याच्याही घरातली वस्तू वाचेल, ती निवडली आहेत.

काका, नमस्कार. आमच्या घरी एक जड, गोल, काळपट थाळी आहे. सासूबाई ती पाण्याच्या घागरीवर झाकण म्हणून ठेवायच्या. तिच्यावर एक उभी बाई, एक सिंह आणि इंग्रजीत एक नाव आहे. नाव आमच्याच आडनावाचं वाटतं. भंगारवाला पितळेच्या भावाने घेतो म्हणतोय. देऊ का?
*— एक वाचक, गडहिंग्लज तालुका*

देऊ नका, ताई. हे पत्र मी सगळ्यात वर ठेवलं, कारण भंगारवाला उत्तराची वाट बघत थांबत नाही.

ती थाळी नाही. पहिल्या महायुद्धात जो माणूस मेला, त्याच्या घरी ब्रिटिश सरकारने पाठवलेलं ते स्मृतिचिन्ह आहे. धातू पितळ नव्हे, कांसं. रुंदी साधारण 12 सेंटिमीटर. उभी बाई म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटन देशाचं स्त्रीरूप; तिच्या हातात हार, बाजूला सिंह, आणि नीट पाहिलंत तर दोन डॉल्फिन मासेही दिसतील. अगदी खाली आणखी एक छोटा सिंह गरुडाला फाडताना आहे; तो गरुड म्हणजे जर्मनी. अशी साडेतेरा लाखांच्या आसपास बनवली गेली. तिकडची माणसं तिला ‘मेलेल्याची पेनी’ म्हणत.

कडेने इंग्रजी अक्षरं आहेत, त्यांचा अर्थ: स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी तो मेला. ही ओळ मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा थांबतो. ज्याच्या स्वतःच्या मुलखात स्वातंत्र्य नव्हतं, तो गडहिंग्लजचा पोरगा कुठल्या वाळवंटात जाऊन पडला आणि त्याच्या आईच्या हातात ही ओळ आली. तिला ती वाचताही आली नसणार.

आता नावाकडे या. त्या चिन्हावर हुद्दा घालत नसत. जनरल असो की शिपाई, फक्त नाव. आणि हे नाव नंतर कोरलेलं नाही, ओतकामातच उठवलेलं आहे. म्हणजे प्रत्येक माणसासाठी साचा वेगळा लावला गेला. तुमच्या घरच्या माणसासाठी कुठल्या तरी इंग्रज कारागिराने त्याची अक्षरं जुळवली. हे मी एवढं लांबवून सांगतोय त्याला कारण आहे. मराठ्यांच्या 103, 110 आणि 117 नंबरच्या पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या होत्या. 29 एप्रिल 1916 ला ती फौज तुर्कांना शरण गेली आणि कैदेत, उपासमारीने, चालून चालून कितीतरी माणसं मेली. तिकडे मेलेल्या आणि ज्यांची कबर किंवा दहनाची जागा माहीत नाही अशांसाठी बसऱ्याला मोठं स्मारक उभारलं. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली. हिंदी अंमलदारांची कोरली. साध्या हिंदी शिपायाचं नाव कोरलं नाही. पलटणीचं नाव आणि पुढे आकडा, एवढंच. आपल्याकडच्या गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाट्या आहेत, त्यांचंही तेच. या गावातून 1914-1919 च्या महायुद्धात इतके पुरुष गेले, त्यापैकी इतक्यांनी प्राण दिला. आकडाच.

तुमच्या घरचा माणूस मेसोपोटेमियात गेला असेल, तर त्याचं नाव धातूत उमटलेली ही जगातली एकुलती एक जागा असू शकते. तिला भाव विचारू नका.

शोध कसा घ्यायचा तेही सांगतो. युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची नोंद इंटरनेटवर फुकट शोधता येते. घरातल्या नातवंडाला बसवा. आडनावावर अडून राहू नका. इंग्रज कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलं आहे. पाटील, जाधव, शिंदे यांची स्पेलिंगं चार-चार प्रकारची सापडतात, आणि कितीदा आडनाव गाळून नाव आणि बापाचं नाव एवढंच असतं. नोंदीत बहुधा बापाचं नाव आणि गाव दिलेलं असतं, गावावरून खात्री पटते. शिवाय गावात कुणाकडे कुळी लिहिलेली असेल तर ती बघा.

घागरीवरून उतरवा. कोमट पाणी, मऊ दात-ब्रश, लगेच कोरड्या सुती फडक्याने टिपणं, बस्स. चिंच नको, राख नको, पितांबरी नको. तो काळपटपणा शंभर वर्षांनी चढवलेला आहे, तो मळ नाही.

सर, आज्ज्याची तीन ताऱ्यांसारखी पदकं आणि दोन गोल पदकं ट्रंकेत सापडली. ते मराठा लाइट इन्फंट्रीत होते एवढंच माहीत आहे. रिबिनी फाटल्यात. गुजरीत सराफाकडे देऊन चमकवून घेऊ आणि नव्या रिबिनी लावून फ्रेम करू असा विचार आहे. बरोबर आहे ना?
*— एक वाचक, कागल*

फ्रेम करण्याचा विचार चांगला. चमकवण्याचा नाही.

सहा टोकांचे तारे म्हणजे दुसऱ्या महायुद्धाचे. कोणता तारा हे मधल्या गोलातल्या अक्षरांवरून कळेल, आणि रिबीन शिल्लक असेल तर तिच्या रंगांवरूनही. त्या रंगांना अर्थ आहे. 1939-45 च्या ताऱ्याला गर्द निळा, लाल आणि फिकट निळा: आरमार, लष्कर, विमानदळ. आफ्रिका स्टारची रिबीन वाळूच्या रंगाची. इटली स्टारला त्या देशाच्या झेंड्याचे लाल-पांढरा-हिरवा. बर्मा स्टारला मधोमध लाल पट्टा, बाजूला निळा आणि त्यात नारिंगी. आज्ज्याच्या तीन ताऱ्यांची नावं वाचलीत की ते कुठून कुठे गेले याचा नकाशाच हातात येतो. आफ्रिका आणि इटली असे दोन्ही असतील, तर 1941 साली एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर मराठे लढले, त्यांत ते असू शकतात. आणि त्यानंतर इटलीत. इटलीतच नाईक यशवंत घाडगे यांना 10 जुलै 1944 च्या लढाईबद्दल मरणोत्तर, आणि शिपाई नामदेव जाधव यांना 9 एप्रिल 1945 च्या लढाईबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक, मिळाला. आज्जा त्याच पलटणींत होते का, हे बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला विचारता येईल. त्यासाठी त्यांचा स्वतःचा पलटणीतला नंबर लागतो. तो डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौज सोडताना मिळालेल्या पुस्तकात, किंवा जुन्या पेन्शनच्या कागदात मिळेल. कागद नसतील तर आधी कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथे अर्ज कसा करायचा ते सांगतात.

दुसऱ्या युद्धाचे तारे ब्रिटिश सरकारने आपल्या लोकांना कोरेच वाटले. आपल्याकडच्या काही पदकांवर मात्र नंबर आणि नाव ठोकलेलं सापडतं, म्हणून प्रत्येक तारा उलटा करून बघा आणि गोल पदकाची कड भिंगाखाली फिरवा. पहिल्या युद्धाच्या पदकांवर नाव हमखास असतं: 1914-15 च्या ताऱ्यावर पाठीमागे, आणि रुपेरी वॉर मेडल व कांस्याच्या व्हिक्टरी मेडलवर कडेला. नंबर, हुद्दा, नाव, पलटण.

आणि हीच कड गुजरीत मरते. सराफाचा दोष नाही, त्याच्याकडे चांदी चमकायलाच जाते. बफच्या चाकावर कड धरली की आधी अक्षरांची टोकं जातात, मग नंबर जातो, मग नाव. पहिल्या युद्धाचं वॉर मेडल अडीच-तीन तोळे चांदीचं असे. घरात लग्न निघालं, चांदी लागली, पदक मोडलं, असं मी पाचपन्नास घरांतून ऐकलं आहे. ज्यांनी मोडलं त्यांना मी नावं ठेवत नाही; त्या वेळी त्या घराला पैंजण हवे होते. पण जे आज शाबूत आहे ते चकचकीत करण्याच्या हौसेपायी घालवू नका.

जुन्या रिबिनी फेकू नका. नव्या लावा, जुन्या पातळ पांढऱ्या कागदात गुंडाळून फ्रेमच्या मागे पाकिटात ठेवा. त्यावर आज्ज्याच्या छातीचा घाम आहे. फ्रेमला काच लावा, पण पदकं काचेला टेकू देऊ नका, आणि पश्चिमेच्या भिंतीवर टांगू नका. आपल्या पावसाळ्यात ती भिंत दमट होते.

काका, मी शिवाजी पेठेत राहतो, कॉलेजला आहे. ब्रिटिश पोलिसांच्या हेल्मेटवरचा बिल्ला ऑनलाइन घेतला. विकणारा म्हणाला व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. खरं कसं ओळखायचं?
*— एक वाचक, कोल्हापूर*

मुकुट बघ. या छंदातली पहिली गोष्ट हीच शिक, बाकी नंतर.

ब्रिटिश फौजेच्या आणि पोलिसांच्या बहुतेक बिल्ल्यांवर मुकुट असतो, आणि राजा बदलला की मुकुटाची घडण बदलते. 1901 मध्ये व्हिक्टोरिया राणी गेली. तिच्यानंतर सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज, सहावा जॉर्ज, म्हणजे 1952 पर्यंत, मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या वर गोल चढतात. संग्राहक याला ‘किंग्ज क्राउन’ म्हणतात. दुसरी एलिझाबेथ आली तेव्हापासूनच्या बिल्ल्यांवर कमानी मधोमध खाली दबलेल्या. तो ‘क्वीन्स क्राउन’. व्हिक्टोरियाचा मुकुट आणखी वेगळा. मधोमध राजाची आद्याक्षरंही असतात: व्ही आर म्हणजे व्हिक्टोरिया, जी आर म्हणजे जॉर्ज, आणि जी आणि आर यांच्यामध्ये रोमन पाच की सहा यावरून कोणता जॉर्ज ते कळतं. ई आर आणि मध्ये रोमन दोन असेल तर तुझा बिल्ला तुझ्या आजीपेक्षा जुना नाही.

एक सावधगिरी. आताचे राजे तिसरे चार्ल्स यांनी पुन्हा घुमटासारखाच मुकुट घेतला आहे. म्हणजे येत्या वर्षांत नवा कोरा बिल्ला ‘किंग्ज क्राउन, शंभर वर्षं जुना’ म्हणून कुणीतरी विकणार. नुसत्या मुकुटावर विसंबू नकोस, अक्षरं वाच.

खोटा ओळखायला पाठ बघावी लागते. खरा बिल्ला ठशाने ठोकलेला असतो: पुढे उठाव, मागे त्याचाच खळगा, कडा तीक्ष्ण. ओतलेल्या नकलेत पाठ सपाट किंवा खडबडीत, बारीक छिद्रं, आणि अक्षरांच्या कडा बोथट. मागचे अडकवायचे कानही बघ. जुन्या बिल्ल्यात ते घासून गुळगुळीत झालेले असतात, कारण शिपायाने तो बिल्ला रोज काढून घासून परत लावलेला असतो.

लंडनमध्येच दोन पोलीस दलं आहेत हेही लक्षात ठेव. मोठ्या शहराचं मेट्रोपॉलिटन, आणि मधल्या जुन्या व्यापारी भागाचं सिटी ऑफ लंडन पोलीस. सिटीच्या हेल्मेटला डोक्यावरून मागे उतरणारा तुरा असतो. ड्यूटीवर असताना बाहीवर बांधायची पट्टीही वेगळी: मेटची निळी-पांढरी, सिटीची लाल-पांढरी. पट्टी बांधली की शिपाई कामावर, सोडली की घरी. 1960च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ही रीत होती. तसली एखादी पट्टी मिळाली तर सोडू नकोस. धातू टिकतो, कापड कसरीच्या पोटात जातं, म्हणून ते दुर्मिळ.

पैसे बेताचे असतील तर व्हिक्टोरियाच्या 1887 च्या सुवर्णमहोत्सवी पोलीस पदकावर नजर ठेव. तिकडे ती पुष्कळ वाटली गेली, म्हणून भाव चढत नाही. पण तिच्या कडेला शिपायाचं नाव आणि डिव्हिजनचं अक्षर असतं. एच अक्षर आलं तर तो लंडनच्या व्हाइटचॅपल भागातला माणूस. 1888 साली तिथे बायकांचे खून पडत होते तेव्हा तो रात्री कंदील घेऊन त्या गल्ल्यांतून फिरला असेल. एका नावाने एवढं सगळं उघडतं.

साहेब, मी 34 वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून निवृत्त झालो. लंडनचा पोलीस बंदूक बाळगत नाही, लोक त्याला नावाने हाक मारतात असं ऐकतो. आम्हाला लाठी, रायफल आणि लाइनीतली खोली त्याच इंग्रजाने दिली. मग त्याने आपल्या घरी एक आणि आपल्याकडे एक असं का केलं? आणि तुम्हाला त्यांच्या पोलिसांच्या वस्तू का आवडतात?
*— एक वाचक, इचलकरंजी*

हवालदार, दोन्ही प्रश्न मी स्वतःला खूप वर्षं विचारलेले आहेत.

1829 साली रॉबर्ट पील गृहमंत्री असताना लंडनचं पोलीस दल उभं राहिलं. 29 सप्टेंबरला पहिले शिपाई रस्त्यावर आले. रॉबर्टचं लाडकं नाव बॉबी, म्हणून त्यांना बॉबी म्हणू लागले. लंडनच्या लोकांना तेव्हा पोलीस नकोच होता. सरकार आपल्यावर फौज आणून बसवतंय, अशी त्यांना भीती होती. म्हणून पीलने मुद्दाम फौजेचा लाल रंग टाळला आणि निळा कोट, डोक्यावर साध्या माणसासारखी उंच टोपी दिली. हेल्मेट आलं ते 1860च्या दशकात. हातात शस्त्र दिसू दिलं नाही. लाकडी दंडुका कोटाच्या शेपटातल्या खिशात लपवलेला. मदत बोलवायला आधी लाकडी खुळखुळा, नंतर शिट्टी. कॉलरवर नंबर, म्हणजे कुणी चुकीचं वागला तर कुठल्याही माणसाने नंबर वाचावा आणि तक्रार करावी. आपला बक्कल नंबर त्याच घराण्यातला.

हिंदुस्थानात आणला तो हा पोलीस नव्हे. 1843 साली सिंध जिंकल्यावर चार्ल्स नेपियरने तिथे पोलीस उभा केला, तो आयर्लंडच्या धर्तीवर. आयर्लंडही इंग्रजांनी ताब्यात ठेवलेला मुलूख. तिथला पोलीस हत्यारबंद, बराकीत राहणारा, वरच्या साहेबाला उत्तर देणारा. तो नमुना मुंबई इलाख्यात उतरला. मग 1857 झालं. आपल्या कोल्हापुरातच 31 जुलै 1857 च्या रात्री 27 व्या पलटणीचे शिपाई उठले. छत्रपतींचे धाकटे भाऊ चिमासाहेब महाराज यांना इंग्रजांनी त्या उठावाबद्दल कराचीला नेऊन ठेवलं, आणि ते तिथेच वारले. ज्या सरकारने हे पाहिलं, त्याला इथला पोलीस लोकांच्या ओळखीचा नको होता, लोकांवर ठेवायला हवा होता. 1861 चा पोलीस कायदा त्या भीतीतून आला. म्हणून लंडनच्या शिपायाने दंडुका खिशात लपवला आणि आपल्या शिपायाला लाठी सहा फुटी, दिसेल अशी दिली. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते एवढंच आहे.

पण सगळं तिकडूनच इकडे आलं असंही नाही. बोटांच्या ठशांचं बघा. बंगालचे पोलीस प्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अंमलदारांनी ठशांची वर्गवारी बसवली. 1897 साली कलकत्त्यात ठशांचा विभाग सुरू झाला. स्कॉटलंड यार्डात, म्हणजे लंडन पोलिसांच्या मुख्यालयात, तो 1901 ला आला, तोही हेन्रींनीच नेला, आणि पुढे ते लंडनचे पोलीस कमिशनर झाले. पद्धतीला नाव मात्र एकट्या हेन्रींचं लागलं. तुम्ही ठाण्यात कितीदा आरोपीची बोटं शाईत बुडवली असतील; पुढे कुणी हे साहेबाचं देणं म्हणालं तर हक आणि बोस ही दोन नावं सांगा.

आता दुसरा प्रश्न. माझे वडील कोल्हापूर संस्थानच्या पोलिसात भरती झाले. 1 मार्च 1949 ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, आणि तेच वडील, त्याच चौकीवर, मुंबई राज्याचे शिपाई झाले. त्यांच्या पट्ट्याचं बक्कल बदललं. मी लहान होतो. जुनं बक्कल त्यांनी जमा केलं, रजिस्टरला सही केली आणि नवं घासायला बसले. आमच्या घरात संध्याकाळी ब्रासोचा वास असायचा. आई भाकऱ्या थापायची आणि वडील दारात बसून बक्कल, बिल्ला, शिट्टीची साखळी घासायचे. बुटाला थुंकी लावून चकाकी आणायचे. हाफ पँट, पायाला पट्ट्या. मी भरती झालो तेव्हाही हाफ पँटच होती. हेडक्वार्टरला गार्डवरचा शिपाई तासाचे ठोके द्यायचा. रात्री अकराचे ठोके ऐकले की आई म्हणायची, आता गस्तीला निघाले असतील.

लंडनचा एखादा जुना शिपाई आठवणी लिहितो, तेव्हा त्याच्याकडे हेच असतं. घासलेला बिल्ला, ठरलेल्या कोपऱ्यावर ठरलेल्या मिनिटाला सार्जंटला भेटणं, पहाटे दुकानांची कुलपं ओढून बघणं, ओला कोट, थंडीत कडक झालेली बोटं, आणि बायको जागी राहिलेली. त्याची शिट्टी माझ्या हातात आली की मला राज्यकर्ता आठवत नाही, रात्रपाळीचा माणूस आठवतो. आयर्लंडच्या नमुन्याचा राग मला आहे आणि तो राहील. तुमच्या-माझ्यासारख्या शिपायाचा मात्र कुठल्याच देशात राग येत नाही.

म्हणून तुम्हालाच एक विनंती. 34 वर्षांत तुम्ही वापरलेलं काय शिल्लक आहे? शिट्टीची दोरी, जुना बक्कल नंबर, बंदोबस्ताचा पास, पंचनाम्याची कोरी फॉर्म, खिशातली डायरी? इंग्रज पोलिसांच्या वस्तूंना तिकडे संग्रहालयं आहेत. संस्थानच्या आणि मुंबई राज्याच्या पोलिसांच्या वस्तू पेट्यांत कुजतायत आणि जुन्या बाजारात किलोने जातायत. इचलकरंजीच्या एका हवालदाराची शिट्टी, त्याचं नाव आणि ठाण्यांची यादी लिहिलेल्या कागदासकट, मला हडसनच्या शिट्टीपेक्षा मोलाची वाटेल.

घरात पणजोबांची ठासणीची बंदूक आणि एक तलवार आहे. ठेवता येते का?
*— एक वाचक, पन्हाळा तालुका*

बंदुकीसाठी 1959 चा शस्त्र कायदा बघावा लागतो. जुन्या पद्धतीचं, निकामी आणि दुरुस्त करूनही उडणार नाही अशा हत्याराला त्या कायद्यात सूट आहे. पण उडेल की नाही हे तुम्ही-आम्ही ठरवायचं नाही. ठाण्यात जा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. घरात जुनी काडतुसं किंवा बंदुकीची दारू असेल तर हातही लावू नका, फोन करून पोलिसांना बोलवा. तलवार शंभर वर्षांपेक्षा जुनी असेल तर 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली ती देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातून कुणी मोठी किंमत देऊ केली तरी नाही. पात्याला शेंदूर-तेल लावत असाल दसऱ्याला, तर पूजा झाल्यावर पुसून घ्या.

आमच्या मंडळाच्या देखाव्यात 1942 चा प्रसंग आहे. ब्रिटिश पोलीस आणि सैनिक दाखवायचेत. तुमच्याकडचे खरे पोशाख मिळतील का?
*— एका तालमीचे कार्यकर्ते, मंगळवार पेठ*

खरे नाही देणार. ऐंशी वर्षांचं लोकरी कापड दिव्यांच्या उष्णतेत आणि घामात एका रात्रीत विरतं. फोटो आणि मापं देतो, शिंप्याला घेऊन या, रंग-बटणं मी सांगतो. आणि एक बघा: पात्रं मंचावर असेपर्यंत ठीक. त्याच पोशाखात पोरं मोटारसायकलवरून महाद्वार रोडला फिरायला लागली आणि कुणाला ते खरे पोलीस किंवा सैनिक वाटावेत असं वागली, तर तो गुन्हा होतो. आताच्या पोलिसांची किंवा सैन्याची खरी चिन्हं तर अजिबात लावू नका.

नमस्कार. माझे वडील जाऊन वर्ष होतंय. त्यांच्या वडिलांची पाच पदकं एका पट्टीवर शिवलेली आहेत. आम्ही तिघं भाऊ आणि एक बहीण. वाटणीत प्रत्येकाला एक-एक द्यावं आणि पाचवं विकून त्यातून फोटो-फ्रेम करावी असं ठरतंय. बहिणीला हे पटत नाही. तुमचं मत?
*— एक वाचक, कसबा बावडा*

बहिणीचं ऐका.

पाच पदकं एका पट्टीवर असतात तोवर तो एक माणूस असतो. कुठे कुठे लढला, हे सगळं त्या ओळीत लिहिलेलं आहे. पट्टी उसवली की पाच वस्तू राहतात. एक पुण्याच्या जुन्या बाजारात, एक मुंबईच्या चोर बाजारात, एक कुणाच्या तरी कपाटात. मग कुठल्यातरी साली माझ्यासारखा एखादा म्हातारा त्यातलं एक भिंगाखाली धरून नाव वाचतो आणि बाकीच्या चारांच्या मागे उरलेली वर्षं घालवतो. ती मिळत नाहीत. माझ्या पेटीत असं एक एकटं व्हिक्टरी मेडल आहे, 110 व्या मराठा पलटणीच्या माणसाचं. त्याची जोडी शोधणं मी अजून सोडलेलं नाही. कुणाला त्या पलटणीचं नाव कडेला असलेलं रुपेरी पदक मिळालं, तर कृपया नंबर वाचून मला कळवा. पदक मला नको, नंबर जुळतो का एवढंच बघायचं आहे. जुळला तर माझ्याकडचंही त्याच घरात जाईल.

तुमच्याकडे वाद मिटवायला असं करता येईल. पट्टी तशीच, न उसवता, एकाच्या घरी. कुणाच्या? ज्याच्या घरी आज्ज्याबद्दल सगळ्यात जास्त माहिती आहे त्याच्या, आणि पत्रावरून मला वाटतं ती बहीण असावी. लग्न होऊन गेलेल्या लेकीकडे पदकं कशी, असं कुणी म्हणेल. का नाही? बाकी तिघांना चांगले मोठे फोटो, पुढचे आणि मागचे, आणि डिस्चार्ज बुकाची प्रत. चौघांनी एका कागदावर लिहून सह्या करा, की ही पट्टी विकायची वेळ आलीच तर आधी एकमेकांना विचारायचं, आणि घरात कुणालाच नको झाली तर बेळगावला रेजिमेंटच्या सेंटरकडे विचारणा करायची.

फोटो असे काढा: सकाळी खिडकीपाशी, फ्लॅश न लावता, खाली राखाडी किंवा निळं कापड. प्रत्येक पदकाची कड थोडी थोडी फिरवत टिपा, म्हणजे पूर्ण नाव येईल. अक्षरं दिसत नसतील तर पीठ किंवा पावडर चोळू नका, टॉर्चचा उजेड बाजूने तिरपा मारा. आणि आई आहे का? असेल तर याच आठवड्यात तिच्याजवळ बसा. सासऱ्यांबद्दल तिला जे आठवतं ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या, तारीख घाला, आणि तो कागद पदकांच्या डब्यातच ठेवा.